बागेच्या कुंपणाचे साहित्य

बागेचे कुंपण म्हणजे परसबाग, आगर, फळबाग किंवा घराभोवतीची मोकळी जागा यांची हद्द दाखविणारा आणि जनावरांना व माणसांना अटकाव करणारा आडोसा होय. महाराष्ट्र व गोवा येथे कुंपणासाठी वाळलेल्या काट्यांपासून जस्तलेपित जाळीपर्यंत नाना प्रकारचे साहित्य वापरले जाते. नवे कुंपण घालताना साहित्य किती मजबूत आहे, हा प्रश्न सहसा आधी विचारला जातो. प्रत्यक्षात निवड तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते : कोणाला अडवायचे आहे, जागा समुद्रापासून किती अंतरावर आहे आणि कुंपणाचा जमिनीलगतचा भाग किती वर्षे टिकेल. चुकीच्या निवडीने पैसा वाया जातो एवढेच नव्हे, तर घरगुती विजेचा थेट प्रवाह सोडलेल्या तारांमुळे माणसांचे जीवही गेले आहेत.

शब्द व पूर्वपीठिका

कोकणात कुंपणासाठी ‘वई’ हा शब्द रूढ आहे. तो संस्कृत ‘वृति’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ वेढणे, आच्छादणे असा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताच्या वृतीविषयी एक नियम आढळतो. कुंपण एवढे उंच असावे की उंटाला पलीकडचे पीक दिसू नये, आणि त्यात कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे भोक राहू नये, असा त्याचा आशय आहे. उंची वरून येणाऱ्यासाठी आणि तळ खालून शिरणाऱ्यासाठी, हा भेद आजही कुंपणाच्या निवडीचा पाया आहे.

मराठीतील म्हणींमध्ये येणारे कुंपण बहुधा जिवंत किंवा काट्यांचे आहे. सरड्याची धाव ज्या कुंपणापर्यंत असते ते झुडपांचेच असणार. तारेच्या जाळीवर सरड्याला लपायला जागा मिळत नाही. कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हणही शब्दशः खरी ठरू शकते. बांधावर दाट वाढलेल्या बाभळी किंवा निलगिरी लगतच्या ओळींचे ऊन, पाणी आणि खत ओढून घेतात, आणि त्या ओळींतील पीक खुरटते.

कुंपणाच्या साहित्याचा विचार फार मोठ्या प्रमाणावर झाल्याचे एक उदाहरण एकोणिसाव्या शतकातील आहे. मिठाच्या चोरट्या वाहतुकीस आळा घालण्यासाठी ब्रिटिश सरकारने सिंधू नदीपासून मध्य भारतातून बऱ्हाणपूरच्या बाजूने महानदीकडे जाणारी जकात रेषा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण होते. १८६७ पासून या खात्याचे आयुक्त असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी वाळलेल्या काट्यांच्या कुंपणाचा हिशेब मांडला, तेव्हा एका मैलाला सुमारे २५० टन काट्या लागतात असे दिसून आले. त्या काट्या दुरून वाहून आणाव्या लागत, आणि वाळवी, उंदीर, वणवा व वादळ यांमुळे त्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत. म्हणून ह्यूम यांनी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर अशा झाडांचे जिवंत कुंपण वाढविण्यावर भर दिला. जमीन खडकाळ असलेल्या ठिकाणी मात्र ते रुजले नाही. १८७९ मध्ये ही रेषा रद्द झाली. वाळके कुंपण लगेच उभे राहते पण दरवर्षी मजुरी मागते, आणि जिवंत कुंपण उशिरा उभे राहते पण पुढे स्वतःच स्वतःला भरून काढते, हा त्यातून दिसलेला फरक एका गुंठ्याच्या बागेलाही लागू पडतो.

वाळक्या काट्या व झाप

देशावर व मराठवाड्यात बोराटी आणि बाभळीच्या फांद्या बुंध्याकडून जमिनीत दाबून, शेंडे बाहेरच्या बाजूस झुकवून कुंपण करण्याची पद्धत आहे. साहित्य फुकट मिळते, गुरे जवळ फिरकत नाहीत आणि शेळीलाही ते जड जाते. असे कुंपण एका पावसाळ्यानंतर खाली बसते, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला वाळवी लागते. हंगामी भाजीपाल्यासाठी ते पुरेसे असते. कायमच्या बागेसाठी केवळ जिवंत कुंपण वाढेपर्यंतचा आधार म्हणून त्याचा उपयोग करावा. कोकण किनाऱ्यावर माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप आणि पोफळीचे खोड उभे चिरून काढलेल्या पट्ट्या यांचा असाच उपयोग होतो. झाप वारा व नजर अडवितो, जनावर अडवीत नाही.

जिवंत कुंपण

जिवंत कुंपणासाठी वनस्पती निवडताना ती जनावरे खातात का, छाटणी सोसते का, आणि ती बागेबाहेर पसरते का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. तिसऱ्या प्रश्नाकडे पूर्वी फारसे लक्ष दिले गेले नाही, त्याची किंमत आज मोजावी लागत आहे.

गिरिपुष्प हे सध्या सर्वाधिक उपयुक्त ठरलेले झाड आहे. त्याचे दीड ते दोन मीटर लांबीचे दांडे पावसाळ्याच्या तोंडावर रोवले की ते मुळे धरतात. झाड शिंबावंत कुळातील असल्याने मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्र मिळते आणि छाटलेला पाला हिरवळीचे खत म्हणून वापरता येतो. त्याला उंदीरमारी असेही म्हणतात, कारण त्याची साल किंवा बिया धान्यात मिसळून उंदरांना मारण्यासाठी वापरल्या जात. पांगारा व निर्गुडी यांच्या फांद्याही अशाच रुजतात. निर्गुडी आणि अडुळसा यांना जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे.

केवळ दांडे रोवून दाट कुंपण होत नाही. दोन दांड्यांमध्ये काटेरी झुडूप लागते. करवंद, चिल्हार आणि सागरगोटा ही त्यासाठी स्थानिक व टिकाऊ झाडे आहेत. करवंद सावकाश वाढते, पण एकदा दाट झाल्यावर त्यातून कुत्रेही जात नाही. शिवाय फळे मिळतात. सागरगोटा व चिल्हार वेलीसारखे पसरत असल्याने वर्षातून दोन वेळा छाटावे लागतात. विलायती चिंच नियमित छाटल्यास भिंतीसारखी दाट होते. ती न छाटल्यास मोठा वृक्ष होतो आणि तळाशी विरळ राहतो. घरासमोरील शोभेच्या कुंपणासाठी मेंदी किंवा ड्युरांटा वापरतात. या दोहोंनी हद्द दिसते, अटकाव होत नाही.

शेर व मोगली एरंड ही दोन्ही झाडे फांदी रोवली तरी जगतात आणि गुरे त्यांना खात नाहीत, म्हणून कोरडवाहू भागात ती फार लावली गेली. परंतु शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, आणि मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्याने मुलांना विषबाधा होते. शाळा, अंगणवाडी किंवा लहान मुले असलेल्या घराभोवती ती लावू नयेत. मेक्सिकोहून आलेल्या घायपाताचे टोकदार, जाड पान जनावरे अडविते आणि पानांपासून दोरासाठी वाख मिळतो. मात्र मुळांपासून फुटणाऱ्या पिल्लांमुळे त्याची ओळ दरवर्षी रुंद होत जाते.

फड्या निवडुंगाची कथा या संदर्भात बोधक आहे. हाही मूळचा अमेरिकेतील. कुंपण म्हणून लावलेला निवडुंग दख्खनमधील पडीक जमिनींवर एवढा पसरला की तो काढणे शेतकऱ्यास परवडेना. अखेर १९२० च्या दशकात आणलेल्या एका कोचिनील कीटकाने त्याचा बराच भाग नष्ट केला. तोच अनुभव पुढे वेडी बाभूळ, घाणेरी आणि बेशरम यांच्या बाबतीत आला. तिन्ही वनस्पती कुंपणाला सोयीच्या आहेत, आणि तिन्ही कुंपणात राहत नाहीत. वेडी बाभूळ गायरानात शिरते, घाणेरी डोंगरउतारावर आणि बेशरम तळ्याच्या व ओढ्याच्या काठाने. नव्या बागेसाठी त्या टाळाव्यात.

बांबू व लाकूड

दक्षिण कोकणात माणगा हा भरीव व बिनकाट्याचा बांबू बांधावर लावला जातो. त्याचे बेट स्वतःच कुंपणाचे काम करते. तोडलेला बांबू मात्र जमिनीत रोवल्यास, प्रक्रिया न करता, एक ते तीन वर्षांतच कुजतो. बांबूतील पिठूळ अंश हे भुसा पाडणाऱ्या किडीचे खाद्य असते. त्यामुळे कोवळा बांबू न वापरता तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्यावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, ही जुनी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. बोरॅक्स व बोरिक ॲसिडची प्रक्रिया किडीला रोखते, पण उघड्यावर पावसाने ती धुऊन जाते. म्हणून बांबू जमिनीत न पुरता दगडी किंवा लोखंडी खांबांना आडवा बांधणे हा अधिक टिकाऊ मार्ग होय. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडणे व नेणे सोपे झाले आहे.

लाकडी खांब जमिनीच्या पातळीवर मोडतो. खोलवर हवा कमी असते आणि वर ओलावा टिकत नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, आणि बुरशी तेथेच वाढते. खांबाच्या बुंध्याला डांबर फासताना ते पुरलेल्या भागावरच न थांबता जमिनीच्या वर वीतभर यावे, याचे कारण हेच. साग व खैर यांचे गाभ्याचे लाकूड टिकते. त्यांच्याच बाहेरील फिक्या लाकडाला वाळवी लवकर लागते. आपल्याच जागेतील साग किंवा खैर तोडण्यासाठीही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते.

दगडी गडगा

कोकण व गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांचे किंवा डोंगरातील सुट्या दगडांचे, चुना-सिमेंटाशिवाय रचलेले कुंपण गडगा या नावाने ओळखले जाते. जांभ्याचे इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील निरीक्षणांवरून दिले. ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, त्यामुळे तो कापून चौकोनी करता येतो.

गडग्याचा तळ माथ्यापेक्षा रुंद ठेवतात आणि दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड येईल अशी रचना करतात. उभे सांधे एका ओळीत आले की भिंत तेथेच फुटते. सुक्या गडग्याची खरी ताकद पावसात दिसते. उतारावरील पाणी फटींतून निघून जाते आणि भिंतीवर दाब येत नाही. तोच गडगा सिमेंटने बांधला आणि पाणी जाण्यास भोके ठेवली नाहीत, तर मागे साठलेले पाणी त्याला ढकलून पाडते. मजबुतीसाठी केलेला खर्च अशा वेळी नुकसानीचे कारण होतो. गडग्याच्या फटींत मुंगूस व सरडे राहतात तसे फुरसेही राहते, म्हणून दगड हलवताना उघड्या हाताने फटीत चाचपू नये. गडग्यामुळे गुरे अडतात. रानडुक्कर मात्र सैल दगड मुसंडीने पाडते, यासाठी तळाचे दगड मोठे निवडतात.

तार, जाळी व खांब

काटेरी तारेच्या व्यवहार्य नमुन्याचे पेटंट अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये मिळाले. लाकूड व दगड नसलेल्या विस्तीर्ण कुरणांसाठी ती निघाली होती. मोठ्या गुरांसाठी ती उपयोगी आहे; शेळ्या, कुत्री व डुकरे यांच्यासाठी नाही, कारण ती दोन तारांमधून सहज शिरतात. मुले खेळतात तेथे आणि पायवाटेलगत डोळ्यांच्या उंचीवर काटेरी तार लावणे अयोग्य होय.

छोट्या बागेसाठी चेनलिंक म्हणजे साखळीविणीची जाळी आज अधिक वापरली जाते. खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, तारेची जाडी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते : ८ गेजची तार सुमारे ४ मिमी., १० गेजची ३.२ मिमी., १२ गेजची २.६ मिमी. आणि १४ गेजची २ मिमी. जाड असते. आकडा मोठा म्हणून जाळी मजबूत, असा समज करून घेणारे ग्राहक फसतात. दुसरी गोष्ट जस्ताचा थर. जस्त लोखंडाआधी स्वतः गंजते आणि तोवर लोखंड वाचविते. म्हणून दोन जाळ्या सारख्याच चकचकीत दिसल्या तरी थर पातळ असलेली आधी तांबडी पडते. काटेरी तारेसाठी आयएस २७८ आणि साखळीजाळीसाठी आयएस २७२१ ही भारतीय मानके आहेत. पावतीवर गेज व मानक लिहून घेतल्यास पुढे वाद राहत नाही.

किनाऱ्याजवळ खारा वारा जस्त वेगाने खातो, आणि जेथे जाळी कापली किंवा वेल्डिंग केली तेथे गंज प्रथम सुरू होतो. अशा टोकांना जस्तयुक्त रंग लावणे आवश्यक असते. समुद्रकाठच्या आगरात तारेऐवजी गडगा व जिवंत कुंपण यांची जोड अधिक काळ टिकते आणि एकूण खर्चही कमी पडतो.

खांब सहसा अडीच ते तीन मीटर अंतरावर असतात आणि त्यांच्या लांबीचा सुमारे चौथा ते तिसरा भाग जमिनीत असतो. ताण कोपऱ्यांवर येतो. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरपा आधार नसेल तर जाळी कितीही चांगली असली तरी वर्षभरात सैल पडते. लोखंडी अँगलच्या पायथ्याचे काँक्रीट जमिनीच्या थोडे वर आणून त्याला उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. सिमेंटच्या खांबात सळईवर पुरेसा थर नसेल, किंवा खारी वाळू वापरली असेल, तर आतील सळई गंजून फुगते आणि खांब उभा चिरतो.

रानडुक्कर व साळिंदर यांचा उपद्रव असल्यास जाळीचा तळ सुमारे एक फूट जमिनीत पुरावा. रोही उंच उडी मारतो. वानरे व माकडे यांच्यासाठी जाळी ही शिडीच ठरते. त्यांना कोणतेही साधे साहित्य अडवू शकत नाही.

विजेचे कुंपण

झटका यंत्रावर चालणारे कुंपण आणि घरगुती विजेची तार ही दोन पूर्णतः वेगळी साधने आहेत. त्यांची गल्लत जीवघेणी ठरते. झटका यंत्र सौरपट्ट्यावर भारलेल्या बॅटरीतून साधारण सेकंदाला एक, असे अत्यल्प काळाचे स्पंद सोडते. दाब काही हजार व्होल्टचा असला तरी प्रत्येक स्पंदाची ऊर्जा मर्यादित असते, आणि दोन स्पंदांमध्ये स्पर्श करणाऱ्याला सुटण्यास वेळ मिळतो. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह सलग असतो. त्याने स्नायू आखडतात, हात तारेला चिकटून राहतो आणि हृदय बंद पडते. रानडुकरासाठी रात्री अशी तार लावणे हा गुन्हा असून तिच्यामुळे शेजारी, मजूर, घरातील माणसे तसेच वाघ-बिबट्यांसारखे संरक्षित प्राणी मरण पावले आहेत. माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवधाचा, तर वन्यप्राणी दगावल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा दाखल होतो.

झटका यंत्रासाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे सुरक्षा मानक आहे. बाजारात मिळणारी स्वस्त, सुटे भाग जोडून केलेली यंत्रे या मानकाची नसतात. योग्य यंत्रही देखभालीशिवाय निरुपयोगी होते. पावसाळ्यात वाढलेले गवत तारेला टेकले की प्रवाह जमिनीत जातो, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की भू-संयोजन कमकुवत होऊन झटका बसत नाही. सूचना देणारे फलक मराठीत आणि दिसतील असे लावावे लागतात.

हद्द व फाटक

साहित्य आणण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करणे श्रेयस्कर असते. गडगा किंवा सिमेंटचे खांब एकदा चुकीच्या जागी गेले तर ते हलविण्याचा खर्च मूळ कुंपणाएवढाच येतो. जिवंत कुंपण हद्दीच्या थोडे आत लावावे, कारण ते दरवर्षी बाहेर सरकते आणि शेजाऱ्याच्या बांधावर पोचते. गावातील बांधाचे पुष्कळ तंटे अशा न छाटलेल्या वईपासून सुरू होतात.

कुंपणात सर्वांत आधी निकामी होणारा भाग फाटक असतो. कोकणात वईच्या तोंडाशी बेडे असते : दोन उभ्या खांबांना समोरासमोर भोके पाडून त्यांत आडवे बांबू सरकवितात. त्याला बिजागरी नसल्याने गंजण्यासारखे काही नसते, एखादा बांबू कुजला तर तेवढाच बदलता येतो, आणि माणूस दोन बांबू सरकवून आत येतो तेव्हा गाय बाहेरच राहते. लोखंडी फाटक बसविल्यास त्याच्या खांबांचा पाया इतर खांबांपेक्षा खोल घ्यावा लागतो, अन्यथा फाटकाच्या वजनाने खांब आत झुकतो आणि कडी दुसऱ्याच पावसाळ्यात लागेनाशी होते.